दुसरं कुठी गेलं?

डॉ. चंद्रभागा वासे यांच्याकडे गेलेल्या गरोदर बाईला पहिला प्रश्न दुखण्याचा नसे. "सोबत कोण आलं?" असा असे. सोबत आलेल्यांना मग त्या एकेक करून आत घेत आणि सगळ्यांना तेच विचारत. आधी सासू, मग नवरा, आई आली असेल तर आई. शेवटी ती बाई स्वतः, आणि तेव्हा खोलीत दुसरं कोणी नसे. उत्तरं जुळली नाहीत तर डॉक्टरबाईंना बरं वाटे. सगळी जुळली तर त्यांच्या कपाळावर आठी येई. "घरून ठरवून आलेत," असं त्या आयेला म्हणत, आणि सगळ्यांना परत एकदा आत बोलावत.

त्यांचं प्रसूतिगृह इतवारीत, भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. खाली तपासणीची खोली आणि ओटा, वर खाटा. समोर ओळीनं भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं. गल्लीत सकाळपासून तांब्या-पितळेवर हातोडे पडत. पोटावर लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके ऐकायची वेळ आली की रुखमा नावाची आया दारात येऊन नुसता हात वर करी. तेवढ्यावर पहिलं दुकान थांबे, मग दुसरं, मग गल्लीच्या टोकापर्यंत सगळी. नवखं गिऱ्हाईक विचारी, "काय झालं गा? कोणी मेलं काय?" दुकानदार सांगे, "नाही बापा. बाई ऐकून राहिल्या." नळी कानावरून काढली की रुखमा हात खाली घेई आणि ठोकाठोक पुन्हा सुरू होई.

बाई ठेंगण्या होत्या, रुंद हाडाच्या. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, कोपरापर्यंतच्या बाह्या, हातात काही नाही. साबणाची वडी त्या स्वतःच्या पिशवीत आणत आणि परत नेत. पेढे घेऊन कोणी आलं तर पेढा हुंगत आणि विचारत, "खवा कधीचा?" चहा पुढे आला की आधी दूध कोणाकडचं ते विचारत. एकदा त्यांच्या सख्ख्या भावानं, "चंद्रा, मी का तुले विष देईन काय वं?" असं चिडून विचारलं. बाई म्हणाल्या, "तू नाही देशीन. गवळी देईन." आणि चहा घेतला.

हा स्वभाव कुठून आला याबद्दल गल्लीत बरीच मतं होती. बाईंचे वडील कापडगिरणीत होते. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा घरातले सगळे तिथे होते आणि बाई कॉलेजात शिकत होत्या. डॉक्टर झाल्यावर इतवारीत पाटी लावली, तेव्हा पहिली काही वर्षं बायका पाटी वाचून उंबऱ्यात थबकत. "वासे म्हणजे कोणते हो?" असं बरोबरचं माणूस विचारी. बाई म्हणत, "माझं मागून पाहू. हिचं पोट कोणत्या महिन्याचं, ते आधी पाहू." काही जण तिथूनच परत जात. बाई त्यांना थांबवत नसत. समोरचा माणूस आपल्याकडे शंकेनं पाहतो आहे हे त्यांना उंबऱ्यावरच कळे, आणि मग त्याही त्याच्याकडे तसंच पाहत.

त्यांची सर्वांत जास्त शंका गर्भपिशवीच्या गाठींवर होती. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात आणि बहुतेक वेळा त्या गुपचूप पडून राहतात. पोटात मूल असलं की मात्र त्या वेगवेगळी सोंगं घेतात. कधी बाळाचं डोकं वाटतात, कधी जुळं. कधी पोटात आतड्याचं दुखणं उठल्यासारखं भासवतात, कधी बाळाच्या वाटेत आडव्या बसतात. बाई ज्या काळात काम करत होत्या त्यातला बराच काळ नागपुरात एक्स-रेखेरीज पोटाच्या आत पाहण्याचं यंत्र नव्हतं. हात होता, नळी होती आणि विचारपूस होती. बाईंचा या तिन्हींवरही पूर्ण भरवसा नव्हता.

बुटीबोरीकडच्या एका शाळामास्तरणीला दोन ठिकाणी सांगितलं होतं की पोटात मोठी गाठ आहे, पिशवीसकट काढा. वय चाळिशीला आलेलं, मूल झालेलं नव्हतं. ती निव्वळ तिसरं मत घ्यायचं म्हणून आली. बाईंनी हात ठेवला आणि म्हणाल्या, गाठ आहे. हात मात्र उचलला नाही. मग रुखमाला दारात पाठवलं. गल्ली थांबली. गाठीच्या मागून ठोके येत होते. दोन्ही डॉक्टरांना गाठ सापडली होती, आणि सापडल्यावर त्यांनी पुढे शोधणं थांबवलं होतं. मास्तरणीला मुलगा झाला. पेढे घेऊन आली तेव्हा बाईंनी खव्याचं विचारलंच.

मी त्या वेळी शहरातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. बाईंची आणि माझी ओळख त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीतून झाली.

तक्रार घेऊन आलेल्या बाईंचं नाव अनसूयाबाई. इतवारीतल्या एका कापडदुकानातल्या मुनिमाची आई. उंच, ताठ, नऊवारीतल्या. कचेरीत शिरून त्यांनी सरळ माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली.

"पेपरवाले भाऊ तुम्हीच काय?"

"हो."

"मंग लिहा. माह्या सुनेले दोन होते. पोट्टी आमाले देल्ली अन् पोट्टा त्या बाईनं ठेवून घेतला. दुसरं कुठी गेलं, ते विचारा तिले."

त्यांच्याकडे तीन पुरावे होते आणि ते त्यांनी वकिलासारखे क्रमानं मांडले. एक, सुनेच्या माहेरच्या, खाप्याच्या दाईनं पोटात दोन डोकी चाचपली होती. दोन, घरच्यांनी पोटाचा एक्स-रे काढा म्हणून सांगितलं, तर वासेबाईंनी नकार दिला. तीन, बाळंतपणाच्या वेळी त्यांनी दाराच्या फटीतून स्वतः पाहिलं होतं. पोट्टी झाल्यावर डॉक्टरीणबाईनं हात आत घातला, खूप वेळ आतच ठेवला, आणि मग झाकलेली बादली बाहेर नेली.

"पोट्टीसाठी कोणी हात घालते काय आत? पोट्टी तं झाली होती." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आडनाव पाहा ना भाऊ तिचं."

शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं नाही. बाकीचं घेतलं. बातमीच्या दृष्टीनं तक्रारीत वजन होतं. दाईला मी खाप्याला जाऊन भेटलो. कन्हानच्या काठावर घर, म्हातारी, हात अजून मजबूत. ती खोटं बोलत नव्हती. "दोन डोके होते, बापा. एक खाली, एक वर उजव्या अंगाले. गोल, टणक. वरचं खाली सरकवाले मी तेल लावून चोळलं. सातव्या महिन्यात माहेरी आली होती पोरगी, आडवं राहू नये म्हणून."

तिथून परतल्यावर मी वासेबाईंकडे गेलो. बातमी मिळाली, असं मी मनाशी धरलं होतं.

ओट्यावर बाई हात धूत होत्या. मी नाव सांगितलं, दैनिकाचं नाव सांगितलं.

"सोबत कोण आलं?"

"कोणी नाही."

"मग पाठवलं कोणी?"

मी अनसूयाबाईंचं नाव घेतलं आणि तीन पुरावे सांगितले. बाईंनी हात कोरडे केले. राग आल्याचं काही दिसलं नाही.

"संशय चांगला घेतलाय त्यांनी," म्हणाल्या. "मी त्यांच्या जागी असते तर हाच घेतला असता. तुम्ही किती जणांना विचारलं?"

"दोघींना."

"आणि छापायला निघाले? मी सांगते तेही मानू नका. रुखमाला विचारा, मी नसताना. ज्या सर्जननं शकुनला माझ्याआधी पाहिलं, त्याला विचारा. शकुनला विचारा, सासू नसताना. मग मला विचारा."

मी चौघांनाही वेगवेगळं विचारलं. सांगण्यात थोडा फरक होता, म्हणून विश्वास बसला. जे घडलं ते असं.

शकुन, म्हणजे अनसूयाबाईंची सून, पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आली. पोट महिन्याच्या मानानं मोठं होतं. बाईंनी विचारलं, पाळी शेवटची कधी आली? सासू म्हणाली, पोळ्याच्या आधी. शकुन एकटी असताना म्हणाली, पोळ्याच्या दिवशी. पाळीत होती म्हणून बैलांची पूजा तिनं केली नव्हती, ते तिला आठवत होतं. म्हणजे महिना आणखीच कमी आणि पोट आणखीच मोठं. बाईंनी हात ठेवला. उजवीकडे वर गोल, टणक काहीतरी होतं. पिशवी आवळली की असं टणक लागतं, म्हणून त्या हात न हलवता थांबून राहिल्या. आवळलेली पिशवी सैल पडते. हे सैल पडलं नाही. मग बोटांनी टिचकी मारल्यासारखं केलं. बाळाचं डोकं पाण्यात असतं, ते हलून परत बोटावर येतं. हे आलं नाही. ठोके एकाच ठिकाणी ऐकू येत होते. बाईंनी गाठीच्या कडेनं जांभळ्या औषधानं कातडीवर रेघ काढली, म्हणजे पुढच्या वेळी ती किती वाढली ते कळेल. गाठ आहे, मूल एकच आहे, असं घरच्यांना सांगितलं.

"फोटो काढा मंग," अनसूयाबाई म्हणाल्या.

"माझी समजूत काढायला पोराच्या अंगावरून एक्स-रे कशाला नेऊ?" बाई म्हणाल्या. "गरज पडली तर काढीन."

त्यांच्या बाजूनं हे बरोबर होतं. पण याच वाक्यावर पुढे त्यांच्यावरचा आळ उभा राहिला.

सातव्या महिन्यात शकुन खाप्याला माहेरी गेली, आणि काही दिवसांनी तिला जीपमध्ये घालून नागपूरला आणावं लागलं. उजव्या बाजूला असह्य दुखत होतं, ताप होता, उलट्या होत्या. घरच्यांनी तिला आधी एका सर्जनकडे नेलं. सर्जन चांगला होता. मला नंतर भेटला तेव्हाही त्यानं काही लपवलं नाही. त्याचं म्हणणं, अपेंडिक्स. दिवस भरत आले की अपेंडिक्स वर सरकतं, त्यामुळे दुखण्याची जागाही जुळत होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. त्यानं ऑपरेशनची तयारी केली आणि शकुन आधी वासेबाईंकडे जात होती हे कळल्यावर त्यांना बोलावलं.

प्रश्न सरळ होता. अपेंडिक्स असेल आणि पोट उघडलं नाही, तर ते फुटून आई आणि मूल दोघंही जातील. गाठच बिघडली असेल आणि पोट उघडलं, तर हात गाठीला लागेल, कळा सुरू होतील, मूल सातव्यातच बाहेर येईल. आणि गाठ काढायचा मोह झाला तर रक्त थांबणार नाही, मग पिशवी काढावी लागेल. शकुनचं वय वीसच्या आसपास. पहिलं मूल.

बाईंनी येताच तिच्या पोटावर वाकून पाहिलं. जांभळी रेघ फिसकटली होती.

"कोणी चोळलं?"

"कोणी नाही," शकुनची आई म्हणाली.

बाईंनी आईला बाहेर काढलं. "कोणी चोळलं वं?"

"दाईनं," शकुन म्हणाली. "सासूबाईनं सांगू नको म्हटलं होतं. म्हणे दुसरं खाली आणावं लागते."

दाईचा हात त्या गाठीवर रोज पडला होता. मोठ्या होत असलेल्या गाठीचा रक्तपुरवठा गरोदरपणात असाही अपुरा पडतो. तो तुटला की गाठ आतून सडल्यासारखी लाल होते, दुखते, ताप येतो. हे चोळल्यामुळेच झालं की आपोआप झालं असतं, याचं उत्तर बाईंनी मला कधी दिलं नाही. "दाईवर ढकलणं सोपं आहे, म्हणून मी ढकलत नाही," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी सर्जनसमोर एक गोष्ट केली. जिथे सर्वांत जास्त दुखत होतं तिथे बोटानं दाबून जांभळा ठिपका दिला. शकुनला डाव्या कुशीवर वळवलं आणि थोडा वेळ थांबल्या. मग पुन्हा ठिपक्यावर दाबलं. शकुन ओरडली नाही. बोट डावीकडे नेत नेत पिशवी जिथे कलली होती तिथे दाबलं, तेव्हा ओरडली. दुखणं पिशवीबरोबर सरकलं होतं. अपेंडिक्स असतं तर जिथल्या तिथे राहिलं असतं.

"म्हणजे गाठच," सर्जन म्हणाला.

"तसं दिसतंय," बाई म्हणाल्या. "मला खात्री नाही. ठोके चांगले आहेत, पिशवी मधेमधे सैल पडते, रक्त जात नाही. उद्या दुपारपर्यंत पाहू. नाडी चढली, ताप चढला, पोट ताठ झालं, तर तुम्ही उघडा. मी समोर उभी राहीन."

सर्जननं मला सांगितलं की ऑपरेशन टाळणाऱ्या डॉक्टरांचा त्याला नेहमी संशय येतो. पण ही बाई स्वतःच्याच निदानावर पहारा बसवत होती, म्हणून तो थांबला. बाईंनी तिथल्या नर्सला नाडी पाहायला सांगितलं आणि नर्स पाहून गेली की पुन्हा स्वतः पाहिली. दुसऱ्या दिवशी दुखणं थोडं कमी झालं. आठवड्यात शकुन उठून बसली.

बाई इतकं का थांबत, ते रुखमानं सांगितलं. दोघी पूर्वी एका मोठ्या इस्पितळात होत्या. तिथे वरच्या डॉक्टरांनी अशाच एका गरोदर बाईची गाठ काढायला घेतली. वासेबाई तेव्हा शिकाऊ, चिमटे धरून उभ्या होत्या. रक्त थांबलं नाही. मूल गेलं, पिशवी गेली. "बाईले आधीच शंका आली होती," रुखमा म्हणाली. "पण हिचं कोण ऐकते तवा? ही बोललीच नाही."

मी हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रुखमा खरं सांगते. पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न हाताचा होता. शकुनला दिवस भरल्यावर मुलगी झाली. वार पडली, पण गाठीमुळे पिशवी आवळेना आणि रक्त वाहू लागलं. औषधं दिली, तरी थांबेना. तेव्हा बाईंनी एक हात आतून आणि एक पोटावरून असं पिशवीला दोन्ही हातांत धरून दाबून ठेवलं. हात भरून आले, पण सोडलं नाही. रक्त थांबलं तेव्हाच सोडलं. अनसूयाबाईंनी फटीतून पाहिलं ते हे. बादलीत वार होती आणि भिजलेले कपडे होते.

"आता त्यांनाच बोलावू," बाई म्हणाल्या. शकुन अजून वर खाटेवर होती. अनसूयाबाई आल्या. मी दाराबाहेर उभा राहिलो.

"हात द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून सुनेच्या पोटावर ठेवला. "हे लागतं? गोल? दाईला लागलं ते हे. कोणी नेलं नाही. इथंच आहे."

अनसूयाबाईंनी हात झटकन मागे घेतला. "हेच तं डोकं आहे."

"गाठ आहे."

"मंग काढा बाहेर. पाहू द्या आमाले गाठ आहे का काय आहे ते."

"काढणार नाही."

"काहून?"

"आत्ता काढली तर पिशवी जाईल. बाळंतपणानंतर ही आपोआप लहान होते. पुढं पाहू."

"फोटो काढत नाही, गाठ काढत नाही. मंग काढता काय तुम्ही?" अनसूयाबाई म्हणाल्या. "दुसरीकडे काढतो म्हणून राहिले. एका दिवसात मोकळी होते म्हणे पोरगी."

"मोकळी होईल. मग मूल कधीच होणार नाही. सही शकुनची लागते. शकुन, तुला काढायची आहे?"

शकुननं सासूकडे पाहिलं, मग मुलीकडे. "नाही," म्हणाली.

"माहेरचं बोलणं आहे हे," अनसूयाबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी बातमी दिली नाही. संपादकांना सांगितलं की तक्रारीत तथ्य नाही. पण गल्लीत बातमी लागत नाही, ती फिरते. इतवारीत वर्षभर तरी बायका एकमेकींना सांगत होत्या की तिथे जाशील तर एकटी जाऊ नको. खाटा रिकाम्या राहू लागल्या. बाईंनी यावर जो उपाय केला तो त्या काळात शहरात दुसरं कोणी करत नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीत बाळंतिणीच्या घरची एक बाई उभी राहिलीच पाहिजे, असा नियम केला. दार उघडं. रुखमा कुरकुरली, "मधात मधात येते ना ती." बाई म्हणाल्या, "येऊ दे. फटीतून पाहण्यापेक्षा समोरून पाहिलेलं बरं." पुष्कळ सासवा पहिल्या पाच मिनिटांत चक्कर येऊन बाहेर बसत. नियम मात्र राहिला.

हळूहळू खाटा भरल्या. अनसूयाबाई रस्त्यात दिसल्या की बाई थांबून विचारत, "सून कशी आहे?" अनसूयाबाई उत्तर न देता पुढे जात. बाई पुढच्या वेळी पुन्हा विचारत.

ऐंशीच्या दशकात सोनोग्राफीचं यंत्र नागपुरात आलं. धंतोलीतल्या एका केंद्रावर मी त्याच्याविषयी लिहायला गेलो, तेव्हा वासेबाई तिथे आधीच उभ्या होत्या. केसांत पांढरं बरंच आलं होतं. त्या यंत्राचीच उलटतपासणी करत होत्या. ह्यात जे काळं दिसतं ते पाणी, हे कशावरून? त्याला चुकवणारं काय काय आहे? बाळ पोरगा की पोरगी हे तुम्ही सांगता का? यंत्रावरचा तरुण डॉक्टर म्हणाला, काही ठिकाणी सांगतात. "माझ्या पेशंटला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं तरी नाही. कोण विचारतं ते मला सांगायचं."

टेबलावर शकुन होती. दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा महिना. पहिली मुलगी शाळेत जात होती. अनसूयाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, अंगानं बऱ्याच उतरलेल्या. शकुन वासेबाईंकडेच जाईन म्हणून हटून बसली होती, आणि सासू लक्ष ठेवायला आली होती. तिघींची परवानगी घेऊन मला पडद्याजवळ उभं राहू दिलं.

बाईंनी आधी यंत्राचा पडदा भिंतीकडे वळवायला लावला. स्वतः पोट तपासलं. "उजवीकडे वर, जुनीच. मोसंबीएवढी. बाकी मोकळं आहे. मूल एक. आता दाखवा तुमचं."

तरुण डॉक्टरनं यंत्र फिरवलं. बाळ दिसलं, ठोका लुकलुकताना दिसला. वरची गाठ दिसली. मग तो थांबला, यंत्र खाली नेलं, परत आणलं.

"मॅडम, दोन आहेत."

अनसूयाबाई उठून उभ्या राहिल्या. "दोन काय?"

"गाठी. दुसरी मागच्या अंगाला आहे, खाली. मूल एकच."

बाई पडद्याजवळ गेल्या. डॉक्टरला तीच जागा दोनदा, मग तिसऱ्यांदा दाखवायला सांगितली. मग त्या शकुनकडे वळल्या, पण अनसूयाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"मागची मले कळली नव्हती. मागच्या खेपेलेही असन ती. हात तिथं पोहोचत नाही, पण मी गाठ एकच धरून सांगितलं होतं. ते चूक होतं. त्या दिवशी रक्त थांबत नव्हतं ते हिच्यामुळंही असू शकते."

अनसूयाबाई पडद्याकडे पाहत होत्या. तिथे दोन गोल काळसर सावल्या होत्या आणि मधे बाळ हलत होतं.

"म्हणजे पोट्टा नव्हता," त्या म्हणाल्या. यात प्रश्न नव्हता.

"नव्हता."

"आता या खेपेले पिशवी वाचन काय?"

"सांगता येत नाही. ही खालची वाटेत येऊ शकते. मग पोट उघडून मूल काढावं लागंन. रक्त जाईल. मी वाचवायचं पाहीन. वाचंनच म्हणत नाही."

शकुनचं मूल पुढे पोट उघडूनच काढावं लागलं आणि पिशवी राहिली, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या खोलीत ते कोणालाच माहीत नव्हतं.

अनसूयाबाई टेबलाजवळ आल्या. "मंग तुम्हीच करा," म्हणाल्या.

वासेबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मीच काहून? इतकी वर्षं मी चोर होते."

सुनेच्या पोटावर यंत्राचं थंड, चिकट औषध पसरलेलं होतं. अनसूयाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि ते पुसायला लागल्या, वरून खाली, हलक्या हातानं, दाब न देता.

"सांगा ना," बाई म्हणाल्या. "आज काहून?"

त्यानंतर बाईंची आणि माझी भेट झाली नाही. मला त्या दिसतात त्या तशाच, पडद्याकडे पाठ करून, सासूच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता, उत्तराची वाट पाहत उभ्या.